धुतलेली बदकं

(उत्तर मिनेसोटा. घरामागचं तळं, लाकडी धक्का. ऑक्टोबरमधली सकाळ. बहीण आणि भाऊ.)

व्हर्लिन : ...आणि मग ते सरळ नावेतच चढलं. जिवंत बदक! मी शिट्टी वाजवली, ते आलं आणि माझ्या बुटाशेजारी बसलं. चाळीस वर्षं शिकारीला ही बदकं बोलवायची शिट्टी फुंकतोय, अर्डिस. आत्ता कुठे सूर लागला.

अर्डिस : मग?

व्हर्लिन : मग मेलं.

अर्डिस : शिट्टी ऐकून?

व्हर्लिन : तू लहानपणापासून अशीच.

अर्डिस : निळ्या चोचीचं होतं? मान टाकलेली, उडता येत नव्हतं?

व्हर्लिन : मला वाटलं, लाजतंय.

अर्डिस : अजून किती मेलीत?

व्हर्लिन : इथल्या लव्हाळ्यात अकरा आहेत. पण त्यांना मी शिट्टी वाजवली नव्हती. शपथ.

अर्डिस : असं मरण मी फक्त मोठ्या तळ्यावर पाहिलंय. तिथे परदेशातून आलेली एक पाणगोगलगाय आहे, बदकं तिला खातात. तिच्या पोटातले कृमी बदकाचं आतडं पोखरतात. आठवड्यात खेळ खलास. पण ती आपल्याकडे येईल कशी? उन्हाळ्यापासून मी तिकडच्या धक्क्यावर उभी राहून, बाहेर निघणारी एकेक नाव तपासते, कुठे गोगलगाय चिकटलीय का.

व्हर्लिन : माझीही तपासलीस की! तळाचं बूच काढलं, आतलं पाणी सोडलं, पाच दिवस वाळवली.

अर्डिस : आणि बाबांची लाकडी बदकं, खऱ्यांना भुलवायला पाण्यात सोडतोस ती?

व्हर्लिन : ती पोत्यात होती. तू नावेबद्दल विचारलंस.

अर्डिस : पोत्यात.

व्हर्लिन : मोठ्या तळ्यातून काढली तशी ओलीच होती. दोऱ्यांना हा एवढा चिखल, शेवाळ. बाबांची आहेत, तशीच ठेवू का? घरी आणून स्वच्छ धुतली.

अर्डिस : कुठे?

व्हर्लिन : स्वच्छ म्हणजे अगदी ब्रशने.

अर्डिस : कुठे धुतलीस, व्हर्लिन?

व्हर्लिन : इथेच. या पायरीवर. तूच म्हणतेस ना, आपली घाण दुसऱ्याच्या तळ्यात नेऊ नये.

अर्डिस : कधी?

व्हर्लिन : दर वर्षी. बाबा गेल्यापासून. म्हणजे... सहा वेळा.

अर्डिस : पायरीखालचा तो दगड उचल.

व्हर्लिन : अरे देवा. वाटाण्याएवढ्या गोगलगायी आहेत. शेकडो. आणि सगळ्या शंखाचं दार लावून बसल्यात! उन्हात वाळवू?

अर्डिस : तू वाळवशील दगडावरच्या. तळ्याच्या तळाशी आहेत त्यांचं काय?

व्हर्लिन : औषध टाकू?

अर्डिस : मग मासे मरतील, बेडूक मरतील. त्या राहतील दार लावून.

व्हर्लिन : मग करायचं काय?

अर्डिस : बदकांना इथे उतरू द्यायचं नाही. आधी ती लाकडी काढ इथल्या पाण्यातून, ती दिसली की खरी उतरतात. आणि शिट्टी दे इकडे.

व्हर्लिन : घे. चाळीस वर्षं बोलावलं, आता हाकलायचं. कधीपर्यंत?

अर्डिस : तळ्यावर बर्फ धरेपर्यंत.

व्हर्लिन : म्हणजे महिनाभर. जमेल.

अर्डिस : या वर्षी.

व्हर्लिन : पुढच्या वर्षीपण?

अर्डिस : लाकडी बदकं काढ म्हटलं ना.

व्हर्लिन : काढतोय. गाठी भिजल्यात. आणि वारं उत्तरेचं सुटलंय, आज नेमकं, याच वाऱ्यावर थवे खाली येतात.

अर्डिस : व्हर्लिन, शिट्टी बंद कर.

व्हर्लिन : शिट्टी तुझ्या मुठीत आहे, अर्डिस. वर बघ, खरीच आलीत.