शेवटच्या बटणापुढचा फोटो

हसू नका, काष्टीकडं इलेक्शन ड्युटीला होतो तेव्हाचं सांगतो. एक आजोबा मत द्यायला पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले आणि मशीनची बीपच वाजेना. रांग खोळंबली.

“बाबा, बटण दाबा की!”

“कुणाचं दाबू, मास्तर? फोटो येगळे हायेत, पर डोळे समद्यांचे सारखेच. माझ्याकडंच बघत्यात.”

रांग खदाखदा हसली. नियमात बसत नव्हतं, तरी मी म्हणालो, “मग सगळ्यात खालचं दाबा, ‘कुणीच नको’चं. त्याच्यापुढं फोटोच नसतो.”

आडोशामागं आजोबा मशीनवर वाकले.

“हाय की, मास्तर. माझाच हाय.”

आणि बीप वाजली. कुणीच हसलं नाही. आजोबा बाहेर आले, पण त्यांच्या तोंडाकडं बघायचं माझं धाडस झालं नाही.