दादाची झोप

मनाच्या डॉक्टरांकडे शिंपीणबाई नंबर लागायची वाट पाहत होत्या. शेजारी एक चाळिशीचा माणूस आणि त्याची धाकटी बहीण बसली होती. त्याला गोष्टी सावकाश समजायच्या, हे दोन वाक्यांतच कळत होतं.

"दादा, आता शेवटचं सांगते. डॉक्टर विचारतील, काय होतंय?"

"इंजेक्शन देतील?"

"नाही रे बाबा! नुसतं बोलायचंय."

"मग तूच बोल. तुला आवडतं."

"माझं डोकं खाऊ नकोस. म्हणायचं, मला झोप येत नाही."

"येते की."

"येते? मग रात्रभर घरात येरझाऱ्या कोण घालतं, भूत?"

"मी. झोप येते, म्हणून चालतो."

"घ्या! अरे, झोप आली की माणूस आडवा होतो."

"मी नाही होत."

"पण का? तेच तर विचारतील ना!"

"आई गेली तेव्हा मी झोपलो होतो. कुणी उठवलंच नाही."

आतून नर्सने पुढचा नंबर पुकारला. बहीण जागची हलली नाही.

"दादा, मला वाटलं, तू घाबरशील..."

"चल चिमे, बोलावलंय. पुढच्या वेळी उठव हं."

"उठवीन."

शिंपीणबाईंनी पाय जवळ घेऊन दोघांना वाट करून दिली.