फोटोसाठी भिंत

तुम्ही हसाल, पण मला अजून हसू येत नाहीये. आमची संस्था पावसात घर पडलेल्यांना मदत देते, फक्त पडझडीचा फोटो लागतो. भैरवगढच्या पुढच्या एका गावात गंगाबाईंची मातीची भिंत पडली होती. न कळवता कुणाच्या घरी कसं जायचं, म्हणून मी आधी फोन केला, "काकी, इतवार को फोटो लेने आऊँगी."

गेले तर भिंत उभी! वर ताजं सारवण, दाराशी रांगोळी, आणि काकी ठेवणीतल्या साडीत.

"काकी, वो गिरी हुई दीवार?"

"अरे बेटी, तू पेली बार घर आ री थी, फोटू बी खिंचनो थो. गिरी हुई अच्छी थोड़ी लागे! बहू ने मैंने मिलके उठा ली."

भिंत उभी म्हणजे मदत गेली. चाचरत म्हटलं, "फोटो तो टूटी दीवार का चाहिए था, काकी."

काकींनी पदर खोचला आणि पहार उचलली. ढेकळं धप्पकन पडली तशी मी दचकले, मोबाइल हातातून सुटता सुटता राहिला. वर त्यांनाच माझी काळजी, "दूर हट बेटी, कपड़े खराब होंगे."

त्यांना थांबवायचं सोडून मी खरंच मागे सरले. शरमेनं मान वर होईना. तेवढ्यात धुळीतून काकींनी अगदी आपुलकीनं विचारलं, "इत्ती चलेगी, के ओर तोड़ूँ?"