चौपन्न की अठ्ठेचाळीस

चौपन्न लिहा, ताई. चौपन्नच— म्हणजे, थांबा जरा, पेन तसंच धरा, लगेच लिहू नका, मग खोडाखोड होते. नाही, ठरलेलंच आहे तसं, ठरवूनच निघालोय घरून, पण एकदा ऑर्डर गेली की डीलर सायकलची फ्रेम परत घेत नाही असं तुम्हीच म्हणालात— म्हणून म्हटलं, एकदा नीट बोलून घ्यावं. तुमची जेवायची वेळ झाली ना? डबा उघडा खुशाल, मला काही वाटणार नाही. नाही? बरं. पाचच मिनिटं. माप नक्की करायचंय फक्त, बाकी काही नाही.

ही मागे टांगलीय तीच ना? काळी, लाल रेघेची? काढू का खाली— अरे, काय हलकी आहे हो, रिकामी पिशवी उचलल्यासारखी. कार्बन कार्बन म्हणून पोरींना इतकं सांगत असतो, पण दरवेळी हातात घेतली की मला हसूच येतं. गेल्या वर्षीचा रंग म्हणून तुम्ही एवढी कमी किंमत लावलीत, नाहीतर आमच्यासारख्या क्लबाने बाहेरूनच बघायची. क्लब म्हणजे काय, पाण्याच्या टाकीमागची एक खोली, त्यात सायकली भिंतीला आणि माणसं दारात. मी पाणीपुरवठ्यात, म्हणून खोली मिळाली. पालकांनी मिळून पैसे घातलेत. त्यात एक फ्रेम बसते, एकच. चाकं, गिअर, हँडल सगळं जुन्याच सायकलचं काढून हिच्यावर चढवायचं. मग पुढच्या महिन्यात निवड चाचणी. सगळा चढाचा रस्ता आहे, सपाट असा नाहीच, तिथे हलकी सायकल म्हणजे— तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही विकताच.

तर मुली दोन आहेत. एकीला आम्ही चिमणी म्हणतो. एवढीशी आहे, सीटवर बसली तर दप्तर ठेवल्यासारखी दिसते. तिचं माप अठ्ठेचाळीस. दुसरीला क्लबात शिडी म्हणतात— तोंडावर म्हणतात, तिलाही राग नाही— तिचं चौपन्न. दोघी एकत्रच शिकल्या. शिडी पुढे राहून वारा अंगावर घेते, चिमणी तिच्या पाठीशी चिकटून येते, आणि चढ लागला की चिमणी बाजूने निघते. मागे वळून बघते, शिडी म्हणते जा, मग जाते. रोज असंच. रोज मागे वळून बघते ती.

शिडी माझी मुलगी आहे. सांगितलं नव्हतं का मी? मला वाटलं बोलण्यात आलं असेल. बरं, आता आलं.

नाही नाही, त्याचा संबंध नाही. तिचं ज्युनिअरचं शेवटचं वर्ष आहे, एवढंच. पुढच्या वर्षी वयात बसत नाही. चिमणीला अजून दोन वर्षं आहेत, तिला कुठे घाई आहे? यंदा नाही तर पुढच्या वेळी. असा सरळ विचार आहे, ह्यात बाप-बीप काही नाही. कोणीही कोच हाच विचार करेल. करेल ना?

काय म्हणता, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या? हो, येतात की. त्याच पैशांत दोन बसतात, एक ह्या मापाची, एक त्या मापाची. मीटिंगमध्ये निघालं होतं ते. सलूनवालेच म्हणाले— चिमणीचे वडील, त्यांचं सलून आहे आमच्या ऑफिसच्या खाली— ते म्हणाले, सर, दोघींना सारख्या घेऊ या की. मी म्हटलं, अहो, अ‍ॅल्युमिनियमवर दोघीही आहेत तिथेच राहतील. दोघी मागे राहण्यापेक्षा एक तरी पुढे जाऊ दे. त्यांना पटलं. सगळ्यांनाच पटलं. माझं बोलणं लोकांना पटतं, ताई, तो एक माझा दोषच आहे. मग ठरलं की एक कार्बन घ्यायची आणि जी चढावर पुढे तिला द्यायची. रविवारी सरांनी दोघींची वेळ घ्यावी आणि सांगावं. सर म्हणजे मी.

घेतली की वेळ. टेकडीच्या माथ्यावर मी स्कूटर लावून उभा. दुसरं कोणी नव्हतं, एक दूधवाला खाली जाऊन परत आला तेवढाच. पोरींना खालून सोडलं, वाऱ्यात कोणी कोणाच्या मागे राहायचं नाही, आपापलं यायचं. आणि मग— कसं सांगू? चिमणी वर आली. घड्याळ थांबवलं. तिने सायकल गवतावर आडवी टाकली, बाटली काढली, पाणी प्यायली, तोंडावर मारलं, खाली बसून एका बुटाची पट्टी सोडली, दुसऱ्याची सोडायला लागली— आणि तेव्हा कुठे आमची खालच्या वळणावर दिसली. उभी राहून पेडल मारत होती, खांदे असे इकडून तिकडे. मी लहानपणापासून सांगतोय, खांदे हलवू नकोस. जीव काढत होती हो. तिला असं कधी बघितलं नव्हतं मी. चिमणी उठून तशीच अनवाणी रस्त्यात गेली आणि ओरडायला लागली, ये ये ये म्हणून. आणि मी काय करत होतो? मी घड्याळाकडे बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, थांब ना जरा.

संध्याकाळी मीटिंग. त्या खोलीतच, दोघी पोरी दाराशी. सगळे म्हणाले, बोला सर, काय झालं. आणि मी म्हणालो— जवळजवळ बरोबरीत. असं आपोआप निघालं तोंडातून. निघालं म्हणजे, स्कूटरवरून येताना रस्ताभर तेच शब्द घोळत होते, त्यामुळे आपोआप असं नाही म्हणता येणार. एकाने विचारलं, किती फरक? मी म्हटलं, वारा होता, एका दिवसावर जाऊ नये. मग सगळे म्हणाले, असं असेल तर सर, तुम्हीच ठरवा, तुम्ही कोच, आमचा काय अभ्यास. आणि उठले. चपला घालून गेले. चिमणी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. आपलं काही चुकलं का, असं बघत होती. मग म्हणाली, सर, उद्या सराव किती वाजता?

मुलगी मागच्या सीटवर होती परत येताना. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, बाबा, आम्ही बरोबरीत होतो? मी म्हटलं, जवळजवळ. माझा खांदा धरून बसली होती ती, तो हात काढला आणि मागच्या कॅरिअरला धरला. एवढंच. मी म्हटलं, नीट धर, खड्डे आहेत. तर म्हणाली, धरलंय.

तेव्हापासून सरावाला येत नाही. पोट दुखतंय म्हणते. तिची आई इस्त्री करत होती, मी विचारलं, डॉक्टरकडे नेऊ या का हिला? तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, तिचं पोट दुखत नाहीये, तुम्हाला खरंच कळत नाही की तुम्ही न कळल्यासारखं करताय? मी म्हटलं, काय ते स्पष्ट बोल. ती म्हणाली, मी कशाला बोलू, मी काय टेकडीवर होते? आणि परत इस्त्री करायला लागली. माझाच शर्ट होता. हाच.

हो, चौपन्न. लिहायचंच आहे. पण काल एक गंमत— गंमत नाही, काल मी केस कापायला गेलो. जायला नको होतं. पण कानावर आलेले केस, आणि दुसऱ्या सलूनमध्ये गेलो असतो तर त्यांना दिसलंच असतं ना, ऑफिसच्या दारातच बसलेले असतात. तर बसलो खुर्चीत. त्यांनी कापड गुंडाळलं, कात्री चालू, इकडचं तिकडचं. मग मानेवर वस्तरा धरला आणि म्हणाले, सर, आमची म्हणते की बरोबरीत आलं. मी म्हटलं, असं म्हणते? म्हणाले, हो, म्हणते की शिडीताईचं शेवटचं वर्ष आहे, तिलाच मिळू दे फ्रेम. मग म्हणाले, खरं सांगू का सर, मला आपलं वाटत होतं की आमची पुढे असेल. पण ते बापाला वाटणारच.

बापाला वाटणारच. आरशात मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्या मानेकडे. मी मान हलवली. वस्तरा मानेवर असताना मान हलवली, ताई. माझ्यावर खेकसले, हलू नका म्हणाले, कापेल. माझ्या मनात आलं की कापू दे थोडं. उठलो तर पैसे घेईनात. म्हणे, तुम्ही पोरीसाठी इतकं करता, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे.

पोरगी घरी खोटं बोलली, ताई. एवढीशी पोरगी, माझं खोटं निभावून नेलंन तिने बापापुढे. मी तिला असं काही शिकवलं नव्हतं हो. मी तिला गिअर कधी बदलायचा ते शिकवलं.

मधलं माप येत नाही का काही? एक्कावन्न वगैरे? सीट वरखाली करून दोघींनी आलटून पालटून— नाही, मलाच माहितीय, उगाच विचारतोय. चिमणीचे हात ताणले जातील आणि हिचे गुडघे हँडलला लागतील, एकीलाही धड चालवता येणार नाही. बरं, एक करता का? म्हणजे विचारून बघतो. तुम्ही दुकानाच्या कागदावर असं द्याल का, की अठ्ठेचाळीस शिल्लक नव्हती, चौपन्नच मिळत होती? म्हणजे कोणी काही ठरवलंच नाही, मिळाली ती घेतली. कोणाचं वाईट व्हायला नको, आणि तुमचंही—

पेनाला टोपण लावलंत तुम्ही.

नाही, बरोबर आहे. तुम्ही कशाला त्यात पडाल. राग आला असेल तर सोडून द्या. मी असा माणूस नाही हो. म्हणजे, होतो असं दिसतंय. मघाशी तुम्ही दोन अ‍ॅल्युमिनियमचं विचारलंत ना, तेव्हा मी तुम्हाला मीटिंगमधलंच ऐकवलं. खरं तसं नाही. दोघींना सारखी सायकल दिली की चिमणी जिंकते. दरवेळी जिंकते. मला ते मागच्या वर्षीपासूनच ठाऊक आहे. माझ्या मुलीला पुढे यायचं असेल तर तिच्याखाली कार्बन हवी आणि चिमणीखाली नको. म्हणून एकच फ्रेम. म्हणून मी एवढं पटवून सांगितलं सगळ्यांना. हे मी आतापर्यंत स्वतःशीसुद्धा असं सरळ बोललो नव्हतो, आणि आता तुमच्यासमोर बोललो, ते डब्याचं झाकण बंद ठेवून तुम्ही बसलायत म्हणून असेल.

आता? आता मागे फिरून दोन घ्या म्हणू का? म्हणता येईल. पण तीही पळवाटच की. दोघींना सारखं दिलं म्हणजे कोण पुढे होतं ते सांगायलाच नको कोणाला. सलूनवाल्यांना कायम वाटत राहणार की बापाला वाटणारच. नाही. ठरलं होतं की जी पुढे तिला. ती पुढे होती.

अठ्ठेचाळीस लिहा.

थांबा, ह्या वेळी लिहा, थांबू नका. तुम्ही लिहा, मी एक फोन करतो. इथूनच करतो, बाहेर गेलो तर करणार नाही, मला माहितीय.

हॅलो— हो, मीच. पोट कसंय? बरं. नाही, सायकलच्या दुकानात आहे. ऐक. रविवारी गाडीवर तू मला विचारलंस ना— हो, तेच. नव्हतात बरोबरीत. नाही, जवळजवळसुद्धा नाही. चिमणी पुष्कळ पुढे होती. तुला माहीत होतं, हो, पण मी सांगायला हवं होतं, मीच. अठ्ठेचाळीस घेतोय, बाळा. शेवटचं वर्ष आहे तुझं, मला— मी जे केलं ते तुझ्यासाठी— बरं. बरं, नाही म्हणत तसं. संध्याकाळी सगळ्यांना बोलावतो आणि मीच सांगतो. तू नको येऊस, तुला कशाला— येतेस? हॅलो?

ठेवला.

काय म्हणाली म्हणजे— म्हणाली, तुम्हाला वाटलं मी त्या सायकलवर बसले असते? एवढंच म्हणाली.

लिहिलंत? नको, वाचून दाखवू नका. कागद द्या इकडे, सही करतो. सलूनवाल्यांकडे आधी जायला हवं मला, मीटिंगच्या आधी, त्यांना तिथे सगळ्यांसमोर कळायला नको. आत्ता जेवायच्या वेळेला खुर्ची रिकामी असते त्यांची. जातो. जातोच. तुमचं जेवण गार केलं मी, जेवा आता तुम्ही— आणि ते शटर ओढून घ्या, मी पायरीवर बसेन थोडा वेळ, माझ्याकडे लक्ष देऊ नका.