खाली दुकानदाराची सही

माझं माहेर चोपड्याकडचं, लग्न होऊन धरणगावात आले तेव्हा सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, छापखाना होता, पायाने चालवायचं मशीन आणि शिशाचे खिळे, अक्षरं सगळी उलटी, ती वाचायला मला आबांनीच शिकवलं, आणि अजून एक शिकवलं, ते नीट लिहून घे, की लग्नाची पत्रिका कितीही घाईची असो, आधी प्रूफ काढायचं, घरच्या माणसाला समोर बसवून एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. आमच्याकडे पत्रिकेत एखाद्या मामाचं नाव राहिलं तर तो मांडवात पाऊल ठेवत नाही, काय सांगू तुला. मंगलाच्या पत्रिकेत चूक नसते, हे गावात बोललं जायचं, तीच माझी कमाई.

पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, तोही मीच शिकले. धूळ बसली की स्क्रू काढून मीच पुसायची. पण शेवटी तो पार दमला, बॅनरवर वीस-वीस फोटो टाकले की माऊस हलवायचा आणि चहा करून यायचं. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर मी जळगावला भूषणकडे गेले. हा भूषण टायपिंगच्या क्लासला माझ्या शेजारच्या मशीनवर बसायचा, आता मोठा कॉम्प्युटरवाला झालाय. मी त्याला सरळ विचारलं, मदरबोर्ड आणि प्रोसेसर नवे घेते, पण रॅमच्या माझ्या जुन्या दोन पट्ट्या चांगल्या आहेत, त्या यात बसतील ना. त्याने पट्ट्या हातातसुद्धा घेतल्या नाहीत. ताई, बिनधास्त न्या, सगळं बसतं. आणि मी, मामाच्या नावासाठी सही घेणारी, तशीच बोर्ड घेऊन आले.

घरी पट्टी बसेना. फोन केला, तर म्हणे नवा बोर्ड घट्ट असतो, जोर लावा. लावला जोर. कट्ट असा आवाज झाला आणि पट्टी बसायची जागाच चिरली. पत्रिकांच्या खोक्यात बोर्ड घालून मी परत जळगावला गेले. दुकान गच्च भरलेलं, त्याने तो बोर्ड उंच धरला आणि सगळ्यांना म्हणाला, बघा, बाईमाणसाने कॉम्प्युटर उघडला की असं होतं, अहो ताई, हा पोळपाट नाही. सगळे हसले. तेच हसू माझ्या आधी धरणगावात पोचलं. त्या सराईत ठरलेल्या पत्रिका दुसरीकडे गेल्या, मंगलाने बोर्ड मोडला म्हणे, आता तिच्या हातात काय राहिलं नाही.

आबा म्हणाले, जाऊ दे पोरी, बठ्ठं इसरी जाय, सगळं विसरून जा. लोकांना वाटतं मला राग येत नाही. येतो, मी तो घडी घालून ठेवते.

मग तुला बोलावलं. शेजारची पोरगी, इंग्रजी शाळेत शिकलेली, तोंडातून दिवसाला चार शब्द. तू त्या बोर्डाचं पुस्तक मान खाली घालून वाचलंस, आणि पहिल्याच पानावर होतं की याला डीडीआर फोर जातीची रॅम लागते. माझ्या पट्ट्या डीडीआर थ्री. तू बोर्डाच्या खोबणीला पट्टी लावून दाखवलीस, मधली खाचच वेगळ्या जागी. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. दुसरा बोर्ड आणि त्याच्या जोडीची रॅम मी धुळ्याहून आणली, तिथल्या माणसाची सही घेऊन.

आता गावात कोणालाही रॅम वाढवायची असली की आधी माझ्याकडे येतात. मी खोलून बोर्डाचं नाव बघते, चिठ्ठी लिहिते, कोणती डीडीआर, केवढी, किती पट्ट्या, आणि खाली सहीसाठी रेघ मारून लिहिते, हा माल या बोर्डाला बसतो, दुकानदाराची सही. आणि सांगते, भूषणकडूनच घ्या, त्याचं दुकान मोठं आहे. गर्दीत मोठ्याने वाचून दाखवा. बसवायला परत माझ्याकडेच येतात, चिठ्ठी मी ठेवून घेते. भूषणच्या एकोणीस सह्या झाल्या. पहिली ऐटीत आहे, आताच्या अगदी बारक्या.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. ताई, चिठ्ठ्या बंद करा, गिऱ्हाईक मला परीक्षेला बसवतं, नवा बोर्ड पाठवतो घरपोच. मी म्हटलं, बोर्ड नको भाऊ, दुकान भरलेलं असताना मी येते, तेवढं पोळपाटाचं वाक्य सगळ्यांसमोर मागे घे. त्याने फोन ठेवला. ठेवू दे.

माझं काय वाईट चाललंय, पत्रिका परत माझ्याकडेच छापायला येतात, आबा ओट्यावर बसून अजून नावं तपासतात. भूषणचंही वाईट नको व्हायला. देव त्याला शंभर वर्षं देवो, दुकान असंच भरलेलं राहो, हात थरथरेपर्यंत त्याने माझ्या अक्षराखाली सही करावी. हेही लिहिलंस ना? आता वाचून दाखव, मग मी सही करते. असं पुटपुटू नको गं. मोठ्याने वाच, रस्त्यावर ऐकू जाऊ दे.