शेवंतीखालचे बल्ब

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, सहजासहजी कोणाचं ऐकत नाहीत. मी तर हे कौतुकानं सांगते.

आमच्याकडे पारनेर भागात शेवंतीच्या वावरात रात्री बल्ब लावतात. उजेड असला की शेवंती कळी धरत नाही आणि फूल मार्गशीर्षातल्या गुरुवारांपर्यंत लांबवता येतं.

तर ग्रामसभेत वीज खात्याचे साहेब म्हणाले, "पिवळे बल्ब बंद. आता नियमानं एलईडीच लावायचे."

आत्या उठल्या. "त्या पांढऱ्या उजेडाला शेवंती फसती का? आधीच कळी धरली तर फुलं तुमी इकनार का?"

"मावशी, नियम आहे."

"नियम मानसाला. फुलाला कोन सांगनार?"

सभा हसली. घरी आल्यावर मात्र आत्या म्हणाल्या, "निम्म्या वावरात एलईडी लाव." मला वाटलं, नमल्या. तर म्हणतात कशा, "तिकडं आधी कळी दिसू दे, टोपली भरून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवते."

रोज सकाळी दोन्हीकडची रोपं वाकून बघायच्या. कळी कुठंच नाही. मग वेळेवर दिवे बंद केले आणि ऐन मार्गशीर्षात सगळं वावर एकदमच फुललं.

पुढच्या ग्रामसभेला आत्या खरंच टोपली घेऊन गेल्या. वर फुलं, खाली काढलेले पिवळे बल्ब. साहेब खूश होऊन म्हणाले, "म्हणजे ऐकलंत ना शेवटी सरकारचं?"

"सरकारचं न्हाई," आत्या म्हणाल्या, "शेवंतीचं ऐकलं."