गुलाबाच्या गाठीवरचं नाव

आमच्या घराण्यात कुणी दुसऱ्याच्या झाडाचं पानसुद्धा न विचारता तोडलं नाही, हे आधी लिहून घ्या. मीही पान तोडलं नाही. रोपच उपटलं.

काय सांगू तुम्हाला, आम्ही ब्राह्मणपुरीचे, बाप दुसऱ्याच्या मळ्यात सालदार, त्यानंच आम्हा दोघा भावांना कलमाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, दुसऱ्या झाडात भरायला शिकवलं, पुढं दोघांच्या रोपवाटिका झाल्या, मध्ये फक्त बांध. हात माझा चांगला, हे दादाही मानतो, पण गिऱ्हाईक त्याच्याकडं, साहेब लोक चहाला त्याच्याकडं, आणि माझ्या दारात थांबून माणसं विचारणार, तुमना दादाना लाल गुलाब कोठे शे?

दादा सारंगखेड्याला घोडे बघायला गेला, घ्यायचा नव्हताच, नुसता बघायला, तेव्हा भरदुपारी मी बांध ओलांडला आणि त्याच्या लाल गुलाबाचं एक रोप उपटून आणलं. त्या एका रोपाचे डोळे काढून माझ्या सगळ्या रानगुलाबाच्या खुंटांवर भरले, एकाच चाकूनं. उन्हाळ्यापर्यंत सांध्यासांध्यावर गाठी, आल्याच्या गड्ड्यासारख्या. म्हटलं, दादाची हाय लागली.

दादाची पोरगी वैशाली शहाद्याच्या कॉलेजात जिवाणू शिकते, शेवटी तिलाच बोलावलं. ती म्हणाली, काका, हाय नाही, हा मातीतला जिवाणू, जखमेतून शिरतो, आपल्या जनुकांचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, मग झाडच गाठ वाढवतं आणि त्याला खाऊ घालतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, त्यातला गाठ करणारा तुकडा काढला, त्या जागी हवा तो गुण भरला, कापसात बीटी असंच घातलं. माझ्या पोटात दुखलं बघा. तोही न विचारता दुसऱ्याच्या घरात डोळा भरतो, मीही तेच केलं, पण पुस्तकात तो.

मग तिनं विचारलं, हाई रोप कोठून लयनात? मूळ नाही कळलं तर मन्हा बापना गुलाबबी जाई. दादाचा गुलाब गेलेला डोळ्यापुढं आला, फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली. सांगून टाकलं. दादा बांधावर येऊन एवढंच म्हणाला, रोप मांगाले काय व्हयनं व्हतं तुले?

दोघांचीही रोपं जाळली. आता मी दर कापाला चाकू स्पिरिटात बुडवतो. देव दादाचं भलं करो, तसं तो करतोच.

माझ्या गुलाबाची एक गाठ कॉलेजात बाटलीत ठेवलीय. मुद्दाम बघून आलो. चिठ्ठीवर लिहिलंय, रोगाचं मूळ, आणि पुढं नाव दादाच्या रोपवाटिकेचं.